तीन दिवस, एकेक तास: पूर्ण शरीराच्या वेट ट्रेनिंगचा तक्ता तपासून हवा आहे

कृष्णाकाठ

वय २७, उंची १७१ सेंमी, वजन ६४ किलो. आधी कधी वजनं उचललेली नाहीत. सकाळी ५० जोर आणि १०० बैठका, एवढाच व्यायाम. आता जिम लावली आहे, पण सोमवार, बुधवार, शुक्रवार संध्याकाळी एकेक तासच मिळतो.

जिममध्ये एक स्क्वॉट रॅक आहे (आडव्या सेफ्टी पिना आहेत), दोन बेंच, लॅट पुलडाउन, केबल, लेग प्रेस, लेग एक्स्टेन्शन आणि २.५ ते २५ किलोपर्यंत डंबेल्स. मोठा ऑलिंपिक रॉड एकच, बाकी सगळे बारीक रॉड. प्लेटा लोखंडी.

ट्रेनरने दिलेला तक्ता सहा दिवसांचा आहे: सोमवारी चेस्ट, मंगळवारी बॅक, बुधवारी शोल्डर असा. तीन दिवसांत तो बसत नाही, आणि एक दिवस चुकला की तो भाग थेट पुढच्या आठवड्यावर जातो. म्हणून तिन्ही दिवस पूर्ण शरीर करायचं ठरवून हा तक्ता मांडलाय (पहिला आकडा सेटचा, दुसरा प्रत्येक सेटमधल्या रेप्सचा, म्हणजे आवर्तनांचा):

बेंच प्रेस ४×१०, इन्क्लाइन डंबेल प्रेस ३×१०, मशीन फ्लाय ३×१२, बसून शोल्डर प्रेस ३×१०, साइड रेझ ३×१२, लॅट पुलडाउन ३×१०, बायसेप्स कर्ल ३×१२, ट्रायसेप्स पुशडाउन ३×१२, लेग एक्स्टेन्शन ३×१२, लेग प्रेस ३×१०, क्रंचेस ३×२०.

हा समतोल आहे का? सुरुवात किती वजनाने करायची आणि वाढवायचं कधी? जोर-बैठका चालू ठेवू की बंद करू? खाण्याबद्दलही सांगा, अंडी चालतात, मांसाहार नाही.

मोजपट्टी

सहा दिवसांचा तक्ता बाजूला ठेवलात हे चांगलं केलंत. सुरुवातीच्या दीड-दोन महिन्यांत जी ताकद वाढते, तिच्यात स्नायू जाड होण्याचा वाटा थोडा असतो. मेंदू आणि स्नायू यांची जुळणी सुधारण्याचा वाटा मोठा. ही जुळणी सरावाने येते, म्हणून तीच हालचाल आठवड्यातून एकदा करण्यापेक्षा दोन-तीनदा केलेली नवशिक्याला लवकर अंगवळणी पडते.

पण तुमचा तक्ता तासात मावणार नाही. सेट मोजा, चौतीस होतात. एका सेटला ४० सेकंद आणि मध्ये ९० सेकंद विश्रांती धरली तर ३४ × १३० सेकंद, म्हणजे जवळपास ७४ मिनिटं. यात वॉर्मअप नाही, प्लेटा चढवणं-उतरवणं नाही, संध्याकाळच्या गर्दीत बेंच रिकामा व्हायची वाट पाहणंही नाही. मग विश्रांतीला कात्री लागते, शेवटी ठेवलेले पायांचे व्यायाम गळतात, आणि नाव पूर्ण शरीराचं असलं तरी तक्ता छाती-दंडांचाच उरतो.

समतोल मोजताना स्नायूंची नावं सोडा, हालचाली मोजा. नवशिक्याला पाच पुरतात: ढकलणं (समोर आणि डोक्यावर), ओढणं (समोरून आणि वरून), गुडघ्यातून बसणं, खुब्यातून वाकणं, आणि कंबर-पोट न हलू देता वजन पेलणं. या हिशेबाने तुमच्याकडे एका दिवसात ढकलण्याचे १३ सेट आहेत, ट्रायसेप्स वेगळेच. ओढण्याचे फक्त ३, तेही वरून. समोरून ओढण्याचा एकही नाही. लेग प्रेस आणि लेग एक्स्टेन्शन दोन्हींत मुख्य काम मांडीच्या पुढच्या भागाचं. खुब्यातून वाकण्याचे सेट शून्य. भरलेला गॅसचा सिलिंडर उचलताना (१४.२ किलो गॅस आणि साधारण तितकंच लोखंड) जी हालचाल लागते, नेमकी तीच तुमच्या तक्त्यात नाही.

मी असं मांडीन:

दिवस अ: स्क्वॉट ३×८ ते १०, बेंच प्रेस ३×८ ते १०, एका हाताने डंबेल रो (वाकून डंबेल कमरेकडे ओढणं) ३×१० ते १२, ग्लूट ब्रिज (पाठीवर झोपून कुल्ले वर उचलणं) २×१२ ते १५, प्लँक (कोपरांवर अंग सरळ धरून ठेवणं) ३×३० सेकंद.

दिवस ब: रोमानियन डेडलिफ्ट (उभ्याने रॉड धरून खुब्यातून वाकणं) ३×८ ते १०, उभ्याने शोल्डर प्रेस ३×८ ते १०, लॅट पुलडाउन ३×१० ते १२, स्प्लिट स्क्वॉट (एक पाय पुढे, एक मागे ठेवून बसणं) २×१० (दोन्ही पायांनी), दोन्ही हातांत डंबेल घेऊन चालणं ३×३० पावलं.

पहिला आठवडा अ-ब-अ, दुसरा ब-अ-ब. दोन आठवड्यांत ढकलण्याचे १८ सेट होतात, ओढण्याचेही १८. गुडघ्यातून बसण्याचे १५, खुब्याचे १५. दिवसाला चौदा सेट. मोठ्या नऊ सेटना दोन-दोन मिनिटं विश्रांती धरली तर २४ मिनिटं, उरलेल्या पाचांना एकेक मिनिट धरून आठ-नऊ मिनिटं, एका बाजूने करायच्या व्यायामांची तीन-चार मिनिटं जास्तीची, वॉर्मअप दहा. पाऊण तासाच्या आसपास उरकतं.

दंडांची काळजी करू नका. रो आणि पुलडाउनमध्ये बायसेप्स, दोन्ही प्रेसमध्ये ट्रायसेप्स कामाला लागतात. दहा मिनिटं उरली तर शेवटी कर्लचे दोन सेट खुशाल करा. क्रम मात्र उलटा करू नका: पोटाचे व्यायाम आधी केले, तर ज्या पोटाने स्क्वॉटमध्ये कणा धरून ठेवायचा तेच दमलेलं असतं.

सुरुवातीचं वजन असं निवडा की आठवी रेप संपल्यावर अजून तीन सहज निघतील. तुमच्यासाठी अंदाज: बेंचला रिकामा २० किलोचा रॉड, जमला तर ३० पर्यंत. रोमानियन डेडलिफ्ट रिकाम्या रॉडने. स्क्वॉट पाठीवर रॉड घेऊन सुरू करू नका. १० किलोचा डंबेल दोन्ही तळव्यांनी छातीशी उभा धरून बसा, म्हणजे गॉब्लेट स्क्वॉट. पुढचं वजन धडाला समतोल देतं आणि खोल बसणं आपोआप जमतं. २० किलोच्या डंबेलने ३×१० नीट झाले की रॉडकडे वळा.

वजन वाढवायचा नियम एकच ठेवा. तिन्ही सेटमध्ये वरच्या आकड्याइतक्या रेप्स (८ ते १० असेल तर १०) पूर्ण झाल्या तरच पुढच्या वेळी वजन वाढेल, वरच्या अंगाला २.५ किलो, पायांना ५. उदाहरणार्थ बेंच ३० किलो: ८, ८, ७. पुढच्या वेळी ९, ८, ८. मग १०, ९, ९. मग १०, १०, १०. आता ३२.५ किलो, आणि पुन्हा आठपासून. अमेरिकन कॉलेज ऑफ स्पोर्ट्स मेडिसिनची २००९ ची शिफारस याच अंगाने जाते: नवशिक्याने आठवड्यातून दोन-तीन दिवस पूर्ण शरीर, ८ ते १२ रेप्स, आणि ठरल्यापेक्षा एक-दोन रेप्स जास्त निघू लागल्या की २ ते १० टक्के वाढ. सलग तीन वेळा एकाच आकड्यावर अडकलात तर दहा टक्के उतरवा, ५० वर असाल तर ४५, आणि पुन्हा चढा.

वही ठेवा. तारीख, व्यायाम, वजन, प्रत्येक सेटच्या रेप्स. आकडे डोक्यात राहत नाहीत, आणि आकड्यांशिवाय हा नियम पाळताच येत नाही.

पाठकणा

वरचा तक्ता योग्य आहे. भर घालतो ती रोमानियन डेडलिफ्टबद्दल, कारण या तक्त्यात सर्वात जास्त चुकणारा व्यायाम तोच, आणि जिममध्ये तो नीट शिकवणारे फार थोडे.

बहुतेक जण त्याला ‘खाली वाकणं’ समजतात. खरी हालचाल कुल्ले मागे नेण्याची आहे. धड पुढे झुकतं ते त्याचा परिणाम म्हणून. वजनाशिवाय असं शिका: भिंतीकडे पाठ करून वीतभर पुढे उभे राहा, गुडघे किंचित सैल, आणि कुल्ल्यांनी भिंतीला स्पर्श करा. जमलं की दोन बोटं पुढे सरका आणि पुन्हा करा. मांडीच्या मागे ताण जाणवला तर बरोबर चाललंय. फक्त कंबरेत जाणवला तर पाठ गोल होतेय. मग काठी घ्या, कण्याला समांतर धरा: डोक्याची मागची बाजू, पाठीचा वरचा भाग आणि माकडहाड, तिन्ही ठिकाणी काठी टेकलेली हवी. वाकताना एक जरी जागा सुटली, तर तिथेच तुमची आजची हद्द. कुणाची ती गुडघ्याखाली चार बोटं असते, कुणाची नडगीच्या मध्यावर. जमिनीला टेकवायचा अट्टहास नको.

रॉड हातात आला की तो मांडीला घासत खाली गेला पाहिजे. पायांपासून वीतभर पुढे गेला तर तेच वजन कंबरेवर कितीतरी जड पडतं, कारण कण्यापासूनचं अंतर वाढतं. इथली कंबरदुखी बहुतेक वेळा जास्त वजनाने होत नाही, रॉड लांब गेल्याने होते.

पुढे जमिनीवरून डेडलिफ्ट करायची झाली तर एक गोष्ट आधीच पाहून ठेवा. प्रमाण प्लेटचा व्यास ४५० मिलीमीटर असतो, त्यामुळे रॉडचा मध्य जमिनीपासून २२५ मिलीमीटरवर, साधारण नऊ इंचांवर येतो. तुमच्याकडे लोखंडी प्लेटा आहेत. १० किलोची लोखंडी प्लेट बरीच लहान असते. ती लावली की रॉड इतका खाली येतो की पाठ गोल केल्याशिवाय हात पोचत नाही. दोन्ही बाजूंना प्लेटांची चवड किंवा लाकडी ठोकळे ठेवून उंची भरून काढा.

आणि बारीक रॉडचं वजन गृहीत धरू नका. ऑलिंपिक रॉड २० किलोचा (महिलांचा १५ किलोचा), पण बारीक रॉडला प्रमाण नाही. वजनकाट्यावर आधी नुसते आणि मग रॉड घेऊन उभे राहा, वजाबाकी करा, आणि आकडा वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा. नाहीतर आज एक रॉड, परवा दुसरा, आणि वाढ नेमकी किती झाली ते कळणारच नाही.

दोन गोष्टी सुरक्षिततेच्या. स्क्वॉट करताना रॅकच्या सेफ्टी पिना तुमच्या सर्वात खालच्या स्थितीपेक्षा एक भोक खाली लावा. वर उठता आलं नाही तर रॉड पिनांवर ठेवून पुढे निघता येतं. बेंचवर मागे कुणी उभं नसेल तर क्लिप लावू नका. अडकलात तर एका बाजूला कलवून प्लेटा सांडता येतात. क्लिपा लावलेल्या असतील तर रॉड छातीवर घेऊन पडून राहावं लागतं. अंगठा रॉडभोवती वळलेलाच हवा, आणि रॉड छातीच्या खालच्या भागावर उतरवा, गळ्याकडे नाही.

लालमाती

जोर-बैठकांचं मी सांगतो.

जोर म्हणजे ढकलणं आणि बैठक म्हणजे गुडघ्यातून बसणं, हे मोजपट्टींच्या हिशेबात धरा. रोज ५० जोर म्हणजे आठवड्याला ३५०. तुमच्या मूळ तक्त्यात आधीच ढकलण्याचा भरणा होता, त्यात हे मिळवलंत तर ओढणं आणखी मागे पडलं असतं.

‘तालमीत तर शेकडो जोर मारतात, त्यांचं कसं चालतं?’ असं कुणी विचारेल. तालमीत जोर-बैठका एकट्या नसतात. हौद्यातली माती फावड्याने उकरायची असते, ते खुब्यातून वाकणं आणि ओढणं दोन्ही. दोर चढायचा, मल्लखांब करायचा, ते वरून ओढणं. आणि मातीत जोडीदाराला खेचायचं, उचलायचं, ते वेगळंच. घरी आपण त्यातले जोर आणि बैठका तेवढ्या उचलल्या, कारण त्यांना जागा लागत नाही. तालमीचा व्यायाम समतोलच होता, आपण त्याचा अर्धाच भाग घरी आणला.

तुमच्यासाठी: जिमच्या दिवशी सकाळी काही नको. मंगळवार आणि गुरुवारी २५ जोर, ५० बैठका, दम न लागता. शनिवारी मन होईल ते. रविवार पूर्ण आराम. पहिले दोन आठवडे पाय फार दुखले तर बैठका थांबवा, जोर ठेवा. नवीन व्यायामानंतरचा ठणका एक ते तीन दिवस असतो आणि हालचाल सुरू केली की कमी होतो, त्याला घाबरू नका. सांध्यात टोचल्यासारखी कळ, किंवा कंबरेतून पायात उतरणाऱ्या मुंग्या, हा ठणका नव्हे. तो व्यायाम तिथेच थांबवून डॉक्टरांना दाखवा.

खुराकाबद्दल. पैलवानाचं दूध-तूप-बदाम बघून नोकरदार माणसाने तसं सुरू करू नये. तो खुराक दोन वेळच्या मेहनतीचा असतो. वीस बदामांत प्रथिनं जेमतेम पाच ग्रॅम, बाकी मुख्यतः स्निग्धांश. वजनं उचलणाऱ्याला शरीराच्या दर किलोमागे दिवसाला १.४ ते २ ग्रॅम प्रथिनं लागतात. ६४ किलोला १०० ग्रॅम हे सोयीचं लक्ष्य. ते असं भरतं: तीन अंडी १८, अर्धा लिटर दूध १६, दोन वेळची मिळून ६० ग्रॅम कोरडी डाळ १४, पनीर १०० ग्रॅम १८, सोयाबीनच्या वड्या ३० ग्रॅम १५, फुटाणे ४० ग्रॅम ८, आणि तीन चपात्यांतून १० च्या आसपास. बेरीज ९९. पनीर रोज परवडत नसेल तर वड्या ६० ग्रॅम करा, काम भागतं. आपल्याकडे वरणाच्या वाटीत डाळ कमी आणि पाणी जास्त असतं, म्हणून डाळ शिजवण्याआधी मोजा.

कृष्णाकाठ

सर्वांचे आभार. चार आठवडे हा तक्ता पाळून आकडे घेऊन आलोय.

बेंच ३० वरून ३७.५ ला आला, पण तिथे ८, ७, ६ वर अडकलाय, तीन वेळा तेच. रोमानियन डेडलिफ्ट ४०, कंबर ठीक, पण शेवटच्या सेटला मूठ सुटते. गॉब्लेट स्क्वॉट १५ किलो, खाली गेलं की टाचा उचलतात. शोल्डर प्रेस २० वर ८, ८, ८. पुलडाउन आणि रो वाढताहेत. बारीक रॉड मोजला, सात किलोचा निघाला.

आणखी एक. जिममधले एक जण म्हणाले, ८-१० रेप्स सोड, ताकद हवी तर ५ रेप्सचे सेट कर आणि सोबत पॉवर क्लीन (जमिनीवरून रॉड झटक्यात खांद्यावर घेणं) धर. काय करू?

वजनकाटा

त्या गृहस्थांच्या बाजूने अर्धं बोलतो. स्क्वॉट आणि डेडलिफ्टमध्ये नवशिक्याची आठवी-नववी रेप बिघडते ती पाय थकल्याने नाही, पोटातला दम सुटल्याने. पाच रेप्समध्ये प्रत्येक वेळी पूर्ण श्वास भरून पोट घट्ट करता येतं, आणि चुकीच्या रेप्सचा सराव होत नाही. म्हणून या दोन व्यायामांना मी ३×५ च देतो आणि दर वेळी २.५ किलो वाढवतो. ८ ते १० च्या पट्ट्यात रेप्स चढवत बसण्यापेक्षा पायांची ताकद यात लवकर वाढते.

तीन सेट × दहा रेप्स या आकड्याचं आपल्या जिमांत फार प्रस्थ आहे. त्याचं मूळ अमेरिकी लष्करी डॉक्टर थॉमस डीलॉर्म यांच्या कामात आहे. दुसऱ्या महायुद्धातल्या जखमी सैनिकांचे पाय पुन्हा बळकट करायला त्यांनी वाढत्या वजनाचा व्यायाम दिला आणि ती पद्धत १९४५ मध्ये प्रसिद्ध केली. तेव्हा सेट खूप जास्त होते. १९४८ मध्ये ते तीनवर आणले. पण त्या तिनांतला पहिला सेट दहा रेप्सच्या कमाल वजनाच्या ५० टक्क्यांनी, दुसरा ७५ टक्क्यांनी, आणि तिसराच पूर्ण वजनाने. म्हणजे जड सेट एकच. आपण मात्र तिन्ही जड करतो आणि शेवटच्या सेटला रेप्स का पडतात म्हणून विचारतो.

पॉवर क्लीन नको, यात दुमत नाही. वेटलिफ्टिंग हा खेळ म्हणजे स्नॅच (एका दमात रॉड डोक्यावर) आणि क्लीन अँड जर्क (आधी खांद्यावर, मग डोक्यावर), दोनच प्रकार. तिसरा प्रेस होता, तो १९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकनंतर काढला. सांगलीच्या संकेत सरगरने २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ५५ किलो गटात ११३ आणि १३५, एकूण २४८ किलो उचलून रौप्यपदक घेतलं. त्यामागे प्रशिक्षकाच्या नजरेखालची वर्षानुवर्षांची तयारी असते. क्लीनमध्ये रॉड वेगाने खांद्यावर झेलायचा आणि चुकला तर हातातून सोडून द्यायचा. त्याला रबरी प्लेटा, लाकडी फळ्यांचा ओटा आणि समोर उभा प्रशिक्षक लागतो. लोखंडी प्लेटा फरशीवर सोडता येत नाहीत, म्हणून माणूस चुकलेला रॉडही सावरायला जातो आणि मनगट किंवा कोपर दुखावून घेतो.

मोजपट्टी

वजनकाटा यांचं दमाचं म्हणणं मान्य. तरी पहिले सहा आठवडे मी आठवरच ठेवीन, कारण कृष्णाकाठ अजून रॉडखाली गेलेलेच नाहीत. हलक्या डंबेलने पाच रेप्स म्हणजे सराव फार थोडा. रॉड पाठीवर आला आणि ४० किलोच्या पुढे गेला की स्क्वॉट ३×५ करा. रोमानियन डेडलिफ्ट आठवरच राहू दे. तो सावकाश उतरवायचा व्यायाम आहे, पाचात त्याचा उपयोग पुरता होत नाही. आणि दर वेळी २.५ किलो ही वाढ सुरुवातीपुरतीच समजा. आठवड्यातून तीनदा अशी वाढ धरली तर महिन्याला ३० किलो होतात. काही आठवड्यांनी ती थांबणारच. थांबली की पुन्हा रेप्स चढवण्याच्या नियमावर या.

आता अडचणी.

बेंच: सेटच्या मध्ये विश्रांती किती घेता? ८, ७, ६ अशी उतरंड बहुधा एक मिनिटावर पुढचा सेट सुरू केल्याची खूण असते. घड्याळ लावून तीन मिनिटं घ्या. तरी अडकलात तर दहा टक्के उतरवा, ३७.५ चे ३४ होतात, म्हणजे ३२.५ किंवा ३५, जे प्लेटांत बसेल ते. वॉर्मअपचे सेटही तपासा: रिकामा रॉड ८, मग ३० किलो ४, मग कामाचं वजन. वॉर्मअपलाच दहा-दहा रेप्स मारल्या तर ताकद तिथेच संपते.

मूठ: हातरुमाल आणि जिमच्या खडूची पूड (मॅग्नेशियम कार्बोनेट), बस. रॉडला गुंडाळायचे मनगटाचे पट्टे इतक्यात नकोत. डंबेल घेऊन चालणं मुठीसाठीच ठेवलंय; ३० पावलांची ४० करा आणि शेवटच्या पावलानंतर जागेवर उभं राहून दहा सेकंद धरून ठेवा.

शोल्डर प्रेस सगळ्यात सावकाश वाढतो, कारण स्नायू लहान आणि २० किलोला २.५ म्हणजे साडेबारा टक्क्यांची उडी. तिथे ३×१० ऐवजी ३×१२ होईपर्यंत थांबा. वर ढकलताना कंबर मागे कमान होत असेल तर कुल्ले आवळून उभे राहा. रॉड चेहऱ्यासमोरून सरळ वर जायला हवा, त्यासाठी हनुवटी आत घ्या आणि रॉड कपाळ ओलांडून गेला की डोकं पुन्हा पुढे.

पाठकणा

टाचांचं मी सांगतो. आधी कारण शोधा. भिंतीसमोर एका गुडघ्यावर बसा, पुढच्या पायाचा अंगठा भिंतीपासून १० सेंमीवर ठेवा आणि टाच न उचलता गुडघा भिंतीला लावा. लागला तर घोट्यात अडचण नाही. तुम्ही खाली जाताना वजन चवड्यांवर टाकताय एवढंच. पाय खांद्यांपेक्षा थोडे रुंद, पावलं वीस-तीस अंश बाहेर वळवा, आणि गुडघे पावलांच्या दिशेने ढकलत दोन पायांच्या मध्ये बसा. नाही लागला तर घोटा आखडलेला आहे. दोन्ही टाचांखाली १.२५ किलोची एकेक प्लेट सपाट ठेवून स्क्वॉट करा, आणि वरची चाचणी हाच व्यायाम समजून रोज प्रत्येक पायाने पंधरा वेळा करा. टाच भिंतीपासून थोडीथोडी मागे नेत जा.

पळण्याचे जाड गादीचे बूट घालत असाल तर तेही बदला. गादी वजनाखाली दबते आणि पाऊल डुलतं. शाळेत पीटीला घालायचे तसे सपाट कॅनव्हासचे बूट याला उत्तम.

अबोली

धागा वाचून हाच तक्ता घ्यायचा विचार आहे. वय ३४, वजन ५२ किलो, आजार काही नाही. स्क्वॉट, ब्रिज, पुलडाउन जमतंय. शोल्डर प्रेसला २० किलोचा रॉड हलतच नाही. २.५ किलोच्या डंबेल्सने १२ रेप्स सहज होतात, आणि पुढची जोडी थेट ५ किलोची, तिने तीनही निघत नाहीत. मध्ये काहीच नाही. बायकांसाठी तक्ता वेगळा करावा लागतो का?

पाठकणा

तक्ता तोच. हालचाली त्याच, सेट तेच, नियमही तोच. फरक पडतो तो वजनाच्या टप्प्यांत, आणि जिमची सामग्री जड पुरुषांना धरून घेतलेली असते म्हणून ही अडचण तुम्हाला जास्त भासते. २.५ ची जोडी सोडून ५ ची घेणं म्हणजे ५ किलोवरून एकदम १० किलो, दुप्पट. एवढी उडी कुणालाच झेपत नाही.

तुमच्या जिममध्येही बारीक रॉड असेल. तो काट्यावर मोजून घ्या. वर कृष्णाकाठ यांचा सात किलोचा निघाला. तसाच मिळाला तर रिकाम्या रॉडने ३×८ पासून सुरू करा. ३×१२ झाले की दोन्ही बाजूंना १.२५ ची एकेक प्लेट लावा, ९.५ किलो. मग २.५ च्या दोन, १२ किलो. बारीक रॉडचं भोक लहान असतं, त्याला ऑलिंपिक प्लेटा बसत नाहीत, म्हणून त्याच मापाच्या १.२५ च्या दोन प्लेटा जिममध्ये आहेत का ते आधी पाहा. नसतील तर स्वतःच्या घेऊन पिशवीत ठेवा, फारशा महाग नसतात. आणि प्लेट सरकू नये म्हणून या रॉडला क्लिप न विसरता लावा. उभ्याने डोक्यावर वजन असताना एका बाजूची प्लेट घसरली तर दुसरी बाजू मनगटासकट खाली येते.

रॉड अजिबातच नसेल तर २.५ च्या डंबेल्सनीच २० रेप्सपर्यंत जा, खाली आणताना तीन सेकंद मोजा, आणि मग ५ च्या जोडीने चार-चार रेप्सचे पाच सेट करा. पहिल्या दिवशी तीन-तीनच निघाल्या तरी चालेल.